बारा पोरी, सहा चेंडू, एक सुई

पहाटेचे पाच चाळीस. नगरच्या स्वस्तिक चौकातलं पुणे स्टँड. तुम्ही मोजता. बारा पोरी. जाळीत सहा चेंडू. फर्स्ट एडचा डबा. हवा भरायचा पंप. त्याची सुई मात्र तुमच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, कारण मागच्या वर्षी ती हरवली होती आणि सकाळी आठ वाजता बॉलची सुई विकणारं दुकान पुण्यातसुद्धा उघडं नसतं. प्लास्टिकच्या फायलीत पात्रता फॉर्म, आधारच्या झेरॉक्स, बारावीच्या गुणपत्रिका. सर कालच पुढे गेलेत, मॅनेजर्स मीटिंगला. पोरी, चेंडू, सुई आणि फाइल तुमच्यावर.

नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या तुम्ही सहायक प्रशिक्षक आहात. असं पद कॉलेजच्या कुठल्याच कागदावर नाही. कागदावर शारीरिक शिक्षण संचालक असतात, ते सर. तुम्ही तासिका तत्त्वावर. दर जूनला नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत. स्पर्धेच्या फॉर्मवर तुमचं नाव ‘मॅनेजर’ म्हणून पडतं. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत बाई लागते, ती गरज तुम्ही भागवता. सर तुम्हाला ‘तू’ म्हणतात. एकेकाळी त्यांच्याच हाताखाली खेळलात. पोरी ताई म्हणतात.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर. फॉर्मवर तेच लिहायचं, हे तुम्ही पोरींना दोनदा बजावलंय. बोलताना मात्र तुमच्यासकट सगळ्यांच्या तोंडी अजून नगरच.

“तेराही अर्धी ना?” कंडक्टर विचारतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं. प्रवासखर्चाच्या तक्त्यात तेव्हापासून जरा हवा खेळायला लागली. वाचलेल्या पैशांची तुम्ही केळी घेता आणि ती कुठल्या रकान्यात दाखवायची हे वर्षाअखेरीस ठरवता. मशीन कुरकुरतं, तिकिटाची पट्टी हातात येते. तारखेवर नजर जाते.

१ जून १९४८.

मशीन बिघडलंय, असं सांगायला मान वर करावी तर मशीनच नाही. कंडक्टरच्या हातात तिकिटांची पेटी, पंच. गाडीची बॉडी लाकडाची, खिडक्यांचा खडखडाट. एसटीची पहिली गाडी निघाली ती याच दिवशी, याच रस्त्याने: नगर ते पुणे. फेटे, टोप्या, मांडीवर गाठोडी. तुमच्या बारा पोरींसारखं या गाडीत कुणी नाही. बाहेर भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी काढलेलं अहमदनगर कॉलेज अवघं वर्षभराचं आहे.

गाडी चौकातून वळते. पण पुढे जायच्या ऐवजी मागे जाते. इंजिनाचा आवाज विरतो, घुंगरांचा येतो. बैलगाडी. तुम्ही १८४८ च्या आसपास उतरता. एका दारातून मुलींचं एका सुरातलं घोकणं ऐकू येतं. आत मिस सिंथिया फरार. १८२७ साली एकटी, बिनलग्नाची, अमेरिकेहून मुंबईला आलेली ही बाई १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवतेय. जोतीराव फुल्यांनी या शाळा पाहिल्या आणि पुण्यात तसंच काही करायचं मनावर घेतलं, हे तुम्ही शाळेत शिकलात. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे याच बाईंकडे घेतले, असं त्यांच्या चरित्रांत येतं. आज संघ ज्या विद्यापीठाच्या स्पर्धेला चाललाय, त्याला २०१४ पासून सावित्रीबाईंचंच नाव आहे. टी-शर्टावर इतक्या वेळा वाचलंय की आता ते नाव दिसतही नाही.

तुम्ही दारात उभं राहून वेगळंच बघता. तिला इकडे पाठवणाऱ्या बोस्टनच्या मिशनची वही. पाळकांच्या नावापुढे ‘मिशनरी’. बायकांच्या नावापुढे, मग ती कुणाची बायको असो की स्वतः शाळा चालवणारी, ‘सहायक मिशनरी’. म्हणजे ही बाईसुद्धा! शाळा तिची, मुली तिच्या, आयांची मनधरणी तिची, आणि वहीत सहायक. १८६२ साली ती नगरलाच वारली. तुम्हाला हसू येतं. शेजारची मुलगी पाटी दाखवायला पुढे करते, तुम्ही सवयीने म्हणता, “कोपर आत.”

“ताई, झोपल्या का?” कामरगावचा घाट. तुम्ही डोळे उघडता आणि बाहेर बर्फ. मार्च १८९३, मॅसॅच्युसेट्स, स्मिथ कॉलेज. शेजारच्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथने पीचच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून दीड वर्षही झालेलं नाही. इथे सेंडा बेरेन्सन नावाच्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या शिक्षिकेने तो खेळ मुलींना दिलाय. पहिल्या वर्षाच्या मुली विरुद्ध दुसऱ्या वर्षाच्या, पुरुषांना आत मज्जाव. बेरेन्सनबाई चेंडू वर उडवतात आणि पहिल्याच उडीत एकीचा खांदा निखळतो. तुमचा हात आपोआप फर्स्ट एडच्या डब्याकडे जातो. खांदा बसवतात, खेळ पुढे चालू. मैदानाचे तीन भाग पाडलेत. जी ज्या भागात, तिने तिथेच राहायचं. मधल्या पोरींना टोपली दिसते, तिथवर जाता येत नाही. मुलींना झेपणार नाही, ही काळजी यामागे होती, आणि त्या काळात खेळ टिकवायचा तर काळजी दाखवावी लागतच असणार. टोपलीची उंची मात्र तेव्हाही दहा फूट, आजही तीच.

सुपा. गाडी दहा मिनिटं थांबते. पोरी वडापावकडे धावतात, तुम्ही उतरून पारनेरच्या बाजूला बघता. तिकिटावर ऑगस्ट २०१६.

पत्र्याच्या शेडची कांदाचाळ. एक बाई पाय पसरून बसलीय, साठवलेल्यातला सडका कांदा बाजूला काढतेय. वासाने डोळे चुरचुरतात. तुम्ही न सांगता समोर बसता आणि निवडायला लागता, कारण हात रिकामे ठेवून या बोलण्याला सुरुवात होत नसते, हे तुम्हाला तोवर कळलेलं आहे. मुलगी अकरावीला, पाच फूट नऊ इंच, शाळेत गोळाफेक. कॉलेजच्या बस थांब्यावर तुम्ही तिला पाहिलं आणि घरचा पत्ता विचारला.

“उंच हाये म्हणून काय,” आई म्हणते, “लग्नाला अजून पंचाईत.”

तुम्ही म्हणता, बास्केटबॉलमध्ये उंचीच लागते. आई ऐकून घेते. कांदे टोपलीत पडत राहतात. मग खरा प्रश्न येतो. “रातीला मुक्काम असतो का?”

“असतो. चार दिवस.”

“सोबत बाई?”

“मी.”

आई पहिल्यांदा मान वर करून तुमच्याकडे बघते. गळ्यातलं मंगळसूत्र बघते, ट्रॅकसूट बघते, दोन्हींचा मेळ घालत असावी. “तुमचे मालक जाऊ देतेत?” तुम्ही म्हणता, भाकरी करून निघते. हे अर्धंच खरं असतं. त्या दिवशी भाकरी सासूबाईंनी केलेल्या असतात. पण अर्ध्या खऱ्यावर ती पोरगी तीन वर्षं खेळली.

अमेरिकेतल्या कॉलेजांत सहायक प्रशिक्षकाचं मोठं काम म्हणजे खेळाडू हेरणं आणि त्यांना आपल्याकडे आणणं. तिथे एकेका संघाला तीन-तीन, चार-चार सहायक असतात, पगारी. वाराणशीच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या सिंग भगिनींपैकी दिव्या सिंग, भारताची एकेकाळची कर्णधार, शिकायला डेलावेअर विद्यापीठात गेली आणि तिथल्या मुलींच्या संघासोबत सहायक म्हणून वावरली. तिथल्या सहायक बायका कुणाच्या स्वयंपाकघरात बसून काय निवडतात, हे बघायला तुम्हाला आवडेल. कांदे नसतील, पण मुक्कामाचा प्रश्न आईच्या पोटात असणारच.

पुढच्या वर्षांवरून गाडी भरधाव जाते, आणि जावंच. २००९: तुम्ही पॉइंट गार्ड. कॉलेजात चेंडू मुलांचेच, सात नंबरचे. स्पर्धेत मुलींचा सहा नंबर हाती येतो. तो घेराला लहान आणि हलका, त्यामुळे पहिली दहा मिनिटं तुमचा प्रत्येक पास लांब जातो आणि प्रेक्षकांना वाटतं, नगरच्या पोरींना पासच देता येत नाही. बी.पी.एड. पतियाळाच्या क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा कोर्स, उन्हाळ्यात. २०१३, पहिलं मानधन: सहा नंबरचे दोन चेंडू, त्यांवर मार्करने ‘मुली’. त्यातला एक आजही जाळीत आहे. अक्षरं पुसलीत, नुसती वेलांटी उरलीय. मग लग्न, मूल, एक सुटलेला सीझन. सेट परीक्षा, दोनदा थोडक्यात हुकलेली.

शिरूर. घोडनदीचा पूल, जिल्हा संपला. पुलावर गाडी तुंबते आणि सगळ्या पोरी एका मोबाइलवर वाकतात. जुलै २०१७, बेंगळुरू, आशिया चषकाच्या ब गटाची अंतिम लढत. भारत ७५, कझाकस्तान ७३. संघात पुण्याची शिरीन लिमये. मागच्या सीटवरून किंकाळ्या, कंडक्टरला वाटतं अपघात झाला. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल १९३६ ला आलं, बायकांचं १९७६ ला, चाळीस वर्षांनी. आपल्या पोरी अजून तिथे पोहोचलेल्या नाहीत. या दोन गुणांवर शिरूर ते रांजणगाव सगळा रस्ता गेला, तुम्हाला आठवतं. रांजणगावला महागणपतीला खिडकीतूनच हात जोडायचे, हा संघाचा नियम.

पुणे. तिकिटावर आजची तारीख.

स्कोअररच्या टेबलावर गुणपत्रक पसरलंय. बारा नावं, बारा नंबर. खाली दोन ओळी: मुख्य प्रशिक्षक, आणि त्याखाली पहिला सहायक प्रशिक्षक. ही दुसरी ओळ आंतरराष्ट्रीय नमुन्यात छापलेलीच असते. वर्षानुवर्षं तुमच्या संघाच्या कागदावर तिथे आडवी रेघ. स्कोअरर, कुठल्याशा कॉलेजचा विशीतला पोरगा, पेन टेकवून विचारतो, “इथं काय?” सर नाव सांगतात. तुमचं. आडनावाचं स्पेलिंग तो चुकवतो.

नियम असा, की दोघांपैकी एका वेळी एकानेच उभं राहायचं. म्हणून तुम्ही बसता. वही उघडता: कोण कुठून मारते, कुठून चुकते, रिबाउंड कुणाच्या हाती. तुमच्या शेजारी बारावी पोरगी. घोटा मुरगळलेला, तरी आलीय. चार काड्या आणि एक आडवी, अशी तिची स्वतःची मोजदाद चालू आहे. सर उभे. या वर्षी ते निवृत्त होतायत. चौथ्या क्वार्टरची तीन मिनिटं उरलेली, आपण ३८, त्या ४१. एक टाइमआउट शिल्लक.

सर वळून बघतात आणि बाकावर बसतात. काही बोलत नाहीत. सर बसले, म्हणजे आता उभं कुणीतरी राहायचंय.

तुम्ही टेबलाकडे जाऊन हातांचा ‘टी’ करता. एक मिनिट. पोरी घामाने निथळत कोंडाळं करतात आणि तुम्हाला जाणवतं, बसून दिसत होतं ते उभं राहिल्यावर दिसेनासं झालंय. “ताई,” बारावी खालून म्हणते, “त्यांची सात नंबर. मघापासून एकदाही उजवीकडनं गेली नाय.” तुम्ही वहीत बघता. खरंय. तुमच्याही काड्यांत होतं, दिसलं नव्हतं. “डावी बंद करा,” तुम्ही म्हणता. “उजवी सोडा तिला.”

सात नंबर त्यानंतर दोनदा अडकते. तिसऱ्यांदा चेंडू दुसरीला देते, ती टाकते. ४१ विरुद्ध ४४. हरलात.

परतीच्या गाडीत कुणी फार बोलत नाही. सुप्याला सगळ्यांना भूक लागते. नगर येईतो अंधार पडलेला असतो. स्टँडवर तुम्ही दाराशी उभं राहून मोजता. सहा चेंडू. डबा. पंप. पर्समध्ये सुई. पोरी अकरा.

पुन्हा मोजता. अकरा.

मग मागून आवाज येतो. “ताई, मी मोजल्या. बरोबर आहेत.” बारावी तुमच्या पाठीशीच उभी आहे, फाइल काखेत, चेंडूंची जाळी खांद्यावर, लंगडत.