आनुवंशिक की सांसर्गिक? कुष्ठरोगाचा जुना वाद आणि एक अमिनो आम्ल

तिरुवैयारूच्या कावेरीकाठी संत त्यागराजांनी देह ठेवला ते वर्ष 1847. तंजावरच्या गादीवर तेव्हा मराठे होते. सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात त्याआधीच देशी आणि पाश्चात्त्य वैद्यकाची सांगड घातली गेली होती. मात्र एका प्रश्नावर दोन्हीकडे एकमत नव्हते: कुष्ठरोग वंशातून येतो की संसर्गातून?

सुश्रुतसंहितेने ‘कुष्ठ’ या व्यापक नावाखाली दोन्ही कारणे एकाच अध्यायात नोंदवली आहेत. सहवासाने तो पसरतो आणि आईबापांच्या बीजदोषातून अपत्यासही होतो. त्याच 1847 साली नॉर्वेच्या डॅनियलसन आणि बोक यांनी आपल्या ग्रंथात तो आनुवंशिक ठरवला. पुढे डॅनियलसन यांचेच जावई हॅन्सन यांनी 1873 मध्ये रोगाचा जंतू शोधला आणि आनुवंशिकतेचे मत मागे पडले. भारतात 1898 च्या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्यांना पकडून समाजापासून वेगळे ठेवण्याची तरतूद केली.

जंतू सापडला, तरी संसर्ग झालेल्या बहुतेकांना हा रोग का होत नाही, हे कोडे उरलेच. त्याचा एक धागा ‘टीएलआर-1’ या ग्राहक प्रथिनात सापडला. पेशीच्या पृष्ठभागावर राहून जंतूंची चाहूल घेणारा हा पहारेकरी. त्याच्या साखळीत 602 व्या जागी आयसोल्युसीनऐवजी सेरीन आले, तर तो पृष्ठभागापर्यंत नीट पोहोचतच नाही. असा दुबळा पहारा घातक ठरावा. पण 2007 मध्ये तुर्की रुग्णांच्या अभ्यासात तो उलट संरक्षक आढळला. 2010 मध्ये दिल्ली आणि कोलकाता येथील नमुन्यांनीही तेच दाखवले. कुष्ठजंतू या पहारेकऱ्याचाच उपयोग करून घेत असावा, असा तर्क आहे. सेरीनचे हे रूप युरोपात विपुल, तर भारतात विरळ आहे.

म्हणजे रोग देतो तो जंतूच. त्याच्याशी झुंजण्याची ताकद मात्र काही अंशी वारशाने येते. या वारशात पाप नाही, शापही नाही. बहुऔषधोपचाराने 1980 च्या दशकापासून हा रोग पूर्ण बरा होतो. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्यातून वगळायला 2019 उजाडावे लागले. प्रयोगशाळेतील उत्तर समाजाच्या मनापर्यंत पोहोचण्यास लागणारा हा विलंबच या इतिहासातील सर्वांत दुखरी नोंद आहे.