न उघडता आत पाहताना

पळसदरीहून खोपोली ओलांडून पाताळगंगेच्या खोऱ्यात उतरले, की कारखान्यांचे उंच पोलादी मनोरे दिसू लागतात. त्यांपैकी काही ऊर्ध्वपातन स्तंभ असतात. असा स्तंभ नीट काम देईनासा झाला तर? तो उघडायचा म्हणजे कारखाना थांबवायचा, आतले ज्वालाग्राही वायू काढायचे आणि मग माणसे आत उतरवायची. न उघडता दोष शोधण्याची वाट किरणोत्साराने दाखवली. तिची सुरुवात एका अपयशातून झाली.

मँचेस्टरला रदरफर्ड यांनी जॉर्ज द हेवेशी या तरुण हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाला शिशातून ‘रेडियम-डी’ वेगळे करण्यास सांगितले. काही केल्या ते जमेना. कारण रेडियम-डी हे शिशाचेच किरणोत्सारी समस्थानिक होते. मग हेवेशींनी उलटा विचार केला. जे शिशापासून वेगळे होत नाही, ते शिशाचा माग तरी नक्कीच सांगेल! १९१३ साली व्हिएन्नात फ्रिट्झ पानेट यांच्यासह त्यांनी या युक्तीने शिशाच्या क्षारांची अत्यल्प विद्राव्यता मोजली. १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक हेवेशींना या मागोवा पद्धतीसाठीच मिळाले.

आपल्याकडे तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. १९५९ साली मुंबई बंदरात गाळ कसा सरकतो, हे स्कँडियम-४६ वापरून अभ्यासण्यात आले. अट हेवेशींचीच: मागोवा घेणारा पदार्थ गाळासारखाच वाहिला पाहिजे.

स्तंभाच्या तपासणीत मात्र आत काहीच मिसळत नाहीत. एका बाजूने कोबाल्ट-६० चा बंदिस्त स्रोत व समोरच्या बाजूने शोधक, दोन्ही एकाच पातळीवर ठेवून खाली सोडतात. द्रव असलेली तबकडी आली की पलीकडे पोहोचणारे गॅमा किरण घटतात. नुसत्या बाष्पातून ते अधिक येतात. अपेक्षित ठिकाणी घट दिसली नाही, तर तबकडी निखळली असावी. सर्वत्र घटच दिसली, तर स्तंभ द्रवाने तुंबला असावा. कारखाना चालू असतानाच हे निदान होते. अर्थात स्रोत हाताळणे हे प्रशिक्षित माणसांचेच काम.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा. स्कँडियम-४६ चे अर्धायुष्य सुमारे ८४ दिवस, तर ब्रोमीन-८२ चे सुमारे ३५ तास. बंदरातला गाळ आणि जमिनीखालच्या नळाची गळती, यांपैकी कशासाठी कोणते निवडाल, आणि का?