ऐकण्या-बोलण्याचे शिक्षण

प्राथमिक शाळेत भाषेची श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन अशी चार कौशल्ये मानली जातात. प्रत्यक्ष वर्गात मात्र पहिल्या दोहोंच्या वाट्याला फारसा वेळ येत नाही. बोलायचे शिक्षकांनी आणि ऐकायचे मुलांनी, अशी वाटणी होऊन बसते. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही त्या वाटणीची परिचित खूण. बोलता बोलताच विचार करण्याच्या वयात मुलाने गप्प बसावे, ही अपेक्षा विचित्रच म्हणायला हवी.

गप्प बसणे म्हणजे ऐकणे नव्हे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिराचे गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक चौथीच्या वर्गात पहिल्याच दिवशी मुलांकडून शांततेचा खेळ करून घेऊ पाहतो आणि त्याचा पुरता फज्जा उडतो. नंतर तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा तीच मुले कान देऊन ऐकतात. पुढे काय होणार, ही उत्सुकता शिस्तीपेक्षा प्रभावी ठरते. मात्र गोष्ट संपताच ‘तात्पर्य काय?’ असे विचारले, की तिची परीक्षा होते. त्याऐवजी मुलांनी ती आपल्या शब्दांत सांगावी, शेवट बदलावा, त्यावर भांडावेसुद्धा.

प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती वेळ थांबतात, हेही महत्त्वाचे. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांतील संभाषणे तपासली. शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबत, असे त्यांना आढळले. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली.

वर्ग मोठा असल्याची अडचण खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याने (2009) प्राथमिक वर्गांसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले. तेवढ्या वर्गातही पस्तीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाला एकेक करून उभे केले, तर वाट्याला जेमतेम मिनिटभर येते. जोड्या केल्या की एकाच वेळी पंधरा मुले बोलतात आणि पंधरा ऐकतात. पाठीला पाठ लावून बसायचे, एकाने हातातल्या चित्राचे वर्णन करायचे, दुसऱ्याने ते ऐकून तसेच काढायचे. चित्र चुकले, की सांगणे अपुरे होते की ऐकणे, हे मुलांना आपणच कळते. वर्गात गलका होतो. तो मुख्याध्यापकांनी सोसावा.

सर्वांत नाजूक बाब घरच्या बोलीची. अहिराणी किंवा वारली बोलणारे मूल ‘पानी’ म्हणाले, की ताबडतोब ‘पाणी म्हण’ अशी दुरुस्ती होते. उच्चार कदाचित सुधारतो, पण सांगायची गोष्ट तिथेच तुटते. दोन-तीनदा असे झाले, की मूल हात वर करणेच सोडते. त्याचे म्हणणे आधी पुरते ऐकावे. उत्तर देताना शिक्षकांनी सहज प्रमाण रूप वापरले, तर ते कानावर पडत राहते.

एखादे मूल मात्र पुनःपुन्हा ‘काय?’ विचारते, बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहते किंवा मागून हाक मारली तर वळत नाही. सर्दीनंतर मध्यकर्णात द्रव साचल्यानेही ऐकू कमी येते. अशा मुलावर ‘लक्ष नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी त्याचे कान तपासून घ्यावेत.