जुना टीव्ही गेम : फसलेल्या बदलानंतर दोष कसा शोधावा?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल विणले जातात. चादरीवरील नक्षी जॅकार्डच्या छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरते. नवे पुठ्ठे चढविल्यावर नक्षी बिघडली, तर आधी पुठ्ठे तपासणे शहाणपणाचे. माग खोलणे नंतरचे. हाच नियम कॅसेट घालून खेळण्याच्या जुन्या टीव्ही गेमलाही लागू पडतो. बदल केल्यावर यंत्र बंद पडले, तर पहिला संशय त्या बदलावरच घ्यावा.

बदल कशासाठी?

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' हा गेम बाजारात आणला. त्याच्या धर्तीवरील गेम १९९० च्या दशकात भारतात 'समुराई', 'लिटल मास्टर', 'मीडिया' अशा नावांनी विकले गेले. मूळ फॅमिली कॉम्प्युटर टीव्हीला अँटेनाच्या मार्गानेच जोडावा लागे. चित्र अधिक स्पष्ट दिसावे म्हणून हौशी मंडळी आतील सर्किटमधून थेट एव्ही जोडणी बाहेर काढतात. हा प्रयत्न फसला की पडदा काळा राहतो, आवाज येऊन चित्र येत नाही किंवा यंत्र सुरूच होत नाही. मूळ यंत्राचे उत्पादन २००३ मध्ये थांबले. त्यामुळे त्यातील चिप घाईगर्दीत जळाली, तर ती पुन्हा मिळवण्यासाठी दुसरे जुने यंत्रच मोडावे लागते.

आधी डोळ्यांनी तपासणी

अ‍ॅडाप्टर काढून ठेवावा आणि भिंगाखाली सर्व नवे सांधे पाहावेत. दोन पिनांना जोडणारा सोल्डरचा थेंब, तारेचा सुटा केस आणि बोर्डापासून उचकटलेली तांब्याची पट्टी हे नेहमीचे दोष होत. त्यानंतर मल्टिमीटरने ५ व्होल्टची वाट आणि ग्राउंड यांमधील रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य आल्यास शॉर्ट आहे, असे समजावे. शॉर्ट सापडेपर्यंत वीज देऊ नये.

वीजपुरवठा

पिन बसते म्हणून अ‍ॅडाप्टर योग्य ठरत नाही. फॅमिली कॉम्प्युटरच्या पिनेचे मध्य टोक ऋण असते. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हमध्येही ते ऋण, तर दुसऱ्या आवृत्तीत धन असते. म्हणून यंत्रावरील खूण वाचूनच अ‍ॅडाप्टर निवडावा. त्यानंतर ७८०५ या रेग्युलेटरची मापे घ्यावीत. त्याला साधारण ९ ते १० व्होल्ट मिळून त्यातून ५ व्होल्ट बाहेर पडले पाहिजेत. आत येणारा दाब ठीक असून बाहेरचा पडलेला असेल आणि रेग्युलेटर चटकन तापत असेल, तर पुढे कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता अधिक.

बदल मागे घ्या

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि उत्साहाच्या भरात तीच वगळली जाते. नव्या सर्व तारा सोडवून जुनी अँटेना जोडणी पूर्ववत करावी. चित्र परतले, तर मूळ यंत्र शाबूत असून दोष वाढविलेल्या भागात आहे, हे सिद्ध होते.

या भागात ट्रान्झिस्टरची अदलाबदल हमखास घात करते. अनेक आराखड्यांत २एससी९४५ किंवा २एससी१८१५ हे जपानी ट्रान्झिस्टर असतात. भारतात त्यांच्याऐवजी सहज मिळणारा बीसी५४७ बसविला जातो. तिन्ही दिसायला सारखेच. मात्र सपाट बाजू समोर धरली असता जपानी ट्रान्झिस्टरचे पाय डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस असे येतात. बीसी५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. आराखडा जसाच्या तसा उतरविल्यास जोडणी चुकते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उलटा बसला नाही ना, हेही पाहावे.

चित्र स्थिर असूनही केवळ रंग नसतील, तर सोल्डरिंगला हात लावू नये. जपानी यंत्र एनटीएससी पद्धतीचे, तर भारतीय टीव्ही पाल पद्धतीचे. टीव्हीत एनटीएससीची सोय असेल, तर ती निवडून पाहावी.

कुठे थांबावे?

कॅसेटच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहाव्यात. उचकटलेली पट्टी ओढू नये; त्याच वाटेवरील पुढच्या बिंदूपर्यंत बारीक तार न्यावी. वीज योग्य, बदल मागे घेतलेला, कॅसेट स्वच्छ आणि तरीही यंत्र निपचित असेल, तरच चिपवर संशय घ्यावा. ४० पायांची चिप साध्या सोल्डरिंग गनने उपटल्यास बोर्ड खराब होतो. ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. अनेक नकली गेममध्ये चिप काळ्या लुकणाच्या थेंबाखाली दडलेली असते. ती बदलता येत नाही. बोर्डच बदलावा लागतो.

पुढचा बदल हाती घेण्यापूर्वी बोर्डाची छायाचित्रे काढावीत आणि प्रत्येक तारेची नोंद ठेवावी. मागे फिरण्याची वाट माहीत असेल, तर बहुतेक फसलेले बदल यंत्राचा बळी न घेता निस्तरता येतात.