धुरंधरांची मोलकरीण

अमेरिकेतली जुनी चित्रांची पोस्टकार्डे पाहा, पुष्कळांवर चित्राच्या कडेलाच खुशाली खरडलेली दिसेल. १९०७ पर्यंत तिथे मागची बाजू केवळ पत्त्यासाठी होती!

तसली कार्डे त्या सुमारास आपल्या मुंबईचीही निघत. मला त्यांत प्रिय ती महादेव विश्वनाथ धुरंधरांची. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि तिथेच शिकवू लागले. राजवाड्यांची, देवळांची कार्डे कोणीही काढील. धुरंधरांनी मुंबईची कष्टाची माणसे काढली. एका कार्डावर मोलकरीण आहे. खाली इंग्रजीत छापले आहे, ‘नखरेल मोलकरीण’. नखरेल? मला तर ती ताठ मानेची वाटते. चित्रकार कोण ते आपल्याला ठाऊक आहे. तिचे नाव मात्र कार्डावर कुठेच नाही.