पस्तीस सेकंदांची उजळणी

विमानातून उडी घेतलेले चौघे, छत्री उघडण्यापूर्वी, हवेत एकमेकांना धरून ठरलेल्या आकृत्या रचतात. स्पर्धेत त्यासाठी अवघे ३५ सेकंद मिळतात. पडण्याचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर. मग चूक नेमकी कोणाची झाली? चौघांच्या चार आठवणी!

पूर्वी पंच जमिनीवरून मोठ्या दुर्बिणींतून पाहत. अमेरिकेत कार्ल बेनिश यांनी शिरस्त्राणावर कॅमेरा बसवून, स्वतः पडत चित्रण केले. १९६९च्या ‘द जिप्सी मॉथ्स’ चित्रपटातील हवाई दृश्यांतही त्यांचा वाटा होता. हे जमते कसे? सगळेच जवळजवळ सारख्या वेगाने पडतात, म्हणून कॅमेऱ्याला खेळाडू जणू स्थिर दिसतात.

पण फिल्म धुऊन येईपर्यंत थांबावे लागे. व्हिडिओ आला आणि पुढच्या उडीआधीच मागची उडी थांबवून, पुन्हा पुन्हा पाहता येऊ लागली. चित्रण करणारा संघातला पाचवा गडी झाला. आज पंचही त्याच्याच चित्रणावरून गुण देतात. जे चित्रात दिसत नाही, त्याला गुण नाही.

प्रयोगाची नोंद लगेच का करायची, असे मुलांनी विचारले, की आम्हाला हे चौघे आठवतात.