शहाण्यांची योजना, दुसऱ्यांची मुले

एन्नोरच्या आसमंतात वावरणाऱ्या आम्हां मराठी माणसांना ‘कामराजर बंदर’ हे नाव परके नाही. परंतु ज्यांचे नाव या बंदरास दिले आहे, त्या कामराजांच्या मुख्यमंत्रिपदाच्या आरंभीच्या एका निर्णयाचे पुण्याच्या महात्मा फुल्यांच्या विचाराशी निकटचे नाते आहे, हे आमच्यापैकी थोड्यांच्याच ध्यानी असेल.

वरिष्ठ वर्गास शिकविले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, ही गेल्या शतकापूर्वीच्या राज्यकर्त्यांची समजूत होती. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी तिचा खरपूस समाचार घेतला. सारा भरावयाचा रयतेने आणि त्यातून शिकावयाचे मूठभरांनी, हा कोठला न्याय? निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. आयोगाने सक्तीची शिफारस केली नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली ती अमलात आणिली, तेव्हा जोतीरावांना जाऊन 27 वर्षे लोटली होती.

1953 साली मद्रास राज्यात हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा राहिला. मुख्यमंत्री राजाजी थोर व्यासंगी पुरुष. खेड्यांतील मुलांनी रोज तीन तास शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळी आईबापांचा धंदा शिकावा, अशी योजना त्यांनी आणिली. अपुऱ्या पैशांत अधिक मुलांची सोय व्हावी, हा हेतू वाईट नव्हे. परंतु परिटाच्या मुलाने परीटच व्हावे, असाच तिचा अर्थ लोकांनी घेतला. आणि शहरांतील वकील-अंमलदारांच्या मुलांना तर तिची झळही लागणार नव्हती. पेरियारांनी रान उठविले, काँग्रेसमध्येही असंतोष माजला. 1954 साली राजाजी पायउतार झाले. लहानपणीच शाळा सुटलेल्या कामराजांनी ती योजना रद्द केली, गावोगाव शाळा काढल्या आणि भुकेल्या मुलांसाठी मध्यान्ह भोजन सुरू केले.

विद्वत्तेची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. 1911 साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडणारे गोखले प्राध्यापकीच करून आले होते. उणीव बुद्धीची नसते. ज्याच्यासाठी योजना आखावयाची, त्याच्या उंबरठ्यावर उभे राहून पाहण्याची असते. आम्हीही सरकारी चाकरीत, न पाहिलेल्या गावांविषयीच्या टिपणांवर सह्या केल्या आहेत. हीच योजना आपल्या मुलांसाठी आम्ही पत्करली असती काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारला होता, असे मात्र छातीवर हात ठेवून सांगवत नाही.